गावच्या झेंड्याची सुलट बाजू

"ह्यात गाव कुठं हाय, मास्तर?"

दाजीसाहेब इंगवल्यांनी माझा कागद हातभर लांब धरला, मग नाकाजवळ नेला, मग उलटा करून पाठीमागे काही लिहिलंय का तेही पाहिलं. कागदावर पिवळ्या रंगावर काळं मोटेचं चाक होतं. बाकी काही नव्हतं.

खडकवेळची ग्रामपंचायत जाऊन नुकतीच नगरपरिषद झाली होती आणि दाजीसाहेब पहिले नगराध्यक्ष. नगरपरिषदेला झेंडा पाहिजे हे त्यांना कुणी सुचवलं देव जाणे. गावात चित्रकलेचा मास्तर मी एकटाच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. माझी शाळा ज्या संस्थेची, तिचेही अध्यक्ष दाजीसाहेबच होते. तिथे मी तीन वर्षं हंगामी होतो. तासगावच्या सुनंदाच्या वडिलांनी मला स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "वनारसे, कायम झाल्याचा कागद दाखवा, लगेच सुपारी फोडू." तो कागद दाजीसाहेबांच्या सहीसाठी अडला होता. त्यामुळे झेंडा गावाचा असला तरी संसार माझा होता.

"साहेब, झेंडा म्हणजे पाटी नव्हे," मी म्हणालो. "लांबून, हलत असताना, एका नजरेत ओळखू आला पाहिजे. पाचवीतल्या मुलाला न बघता काढता आला पाहिजे. रंग दोन, फार तर तीन. अक्षरं तर नकोतच."

कोल्हापूरला डिप्लोमा करताना हे शिकलो होतो आणि कधीतरी कुणाला तरी ऐकवायची माझी फार इच्छा होती.

"मग ह्याला झेंडा कशाला म्हणायचं? फडकं म्हणा."

"फडकतं ते फडकंच की, साहेब."

झेंड्यासाठी नेमलेल्या समितीत कुणीही हसलं नाही. नोकरी हंगामी असताना विनोद करू नये, हे डिप्लोमात शिकवलं नव्हतं.

आधी रंगांचा विषय निघाला. शेटे वकील विरोधी गटाचे. ते म्हणाले, पिवळा बाजार समितीला पडलेल्या पॅनेलचा, तो अपशकुनी. पांढरा दाजीसाहेबांच्या पॅनेलचा, तो वकिलांनी कापला. लाल वकिलांच्या पॅनेलचा, तो दाजीसाहेबांनी कापला. भगवा, हिरवा, निळा ही नावं निघाली तेव्हा सगळे एकदम छताकडे बघायला लागले. तासाभरानं चॉकलेटी रंग एकमतानं मंजूर झाला. खडकवेळमध्ये चॉकलेटी रंगावर आजवर कुणी निवडणूक लढवली नव्हती.

मग वॉर्ड आले. वॉर्ड सतरा, नगरसेवक सतरा, आणि प्रत्येकाला आपलं काहीतरी झेंड्यावर हवं होतं. ऊस, द्राक्षाचा घड, तालीम, पाण्याची टाकी, एसटी स्टँड, अंडी देणारी कोंबडी. वॉर्ड चारला काहीच सुचेना तेव्हा त्यांनी गतिरोधक दिला. वॉर्ड नऊचे सदस्य खाली मान घालून म्हणाले, "आमच्यात स्मशानभूमीच हाय. पण शेड नवीन मारलंय." शेड मंजूर झालं. वर गावाचं नाव पाहिजे, खाली 'एकजूट' पाहिजे, आणि कडेनं झालर.

मी सगळं काढून नेलं. वकिलांनी तो कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि मागच्या बाजूनं मोठ्यानं वाचलं. "ळवेकडख."

"काय?" दाजीसाहेब म्हणाले.

"ध्वजस्तंभाच्या पलीकडं आमचे आठ वॉर्ड आहेत. तिकडून हे असं दिसणार. ळवेकडख नगरपरिषद आम्हाला मान्य नाही."

यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी ठरलं की पलीकडची बाजू दुसऱ्या टप्प्यात घ्यावी आणि पहिल्या टप्प्यात तिला साधं अस्तर लावावं. ठरावात तसे शब्द आहेत. मी ते स्वतः लिहून घेतले आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसलं.

एवढी चित्रं कापडावर छापून द्यायला कुणी तयार होईना. गावातल्या दोन्ही शिंप्यांनी कागद बघून हात जोडले. धाकटा शिंपी म्हणाला, "मास्तर, हे झेंड्याचं काम न्हाई. ही गोधडी हाय. सुंद्राक्काकडं जावा."

सुंद्राक्का वॉर्ड नऊच्या टोकाला, नदीलगत राहायची. साठीची बाई, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, घरात एकटी. अर्ध्या गावाच्या गोधड्या तिच्या हातच्या होत्या. मी गेलो तेव्हा ती नदीच्या खडकावर वाळत घातलेल्या गोधड्या उलथत होती. खडकावर गावातल्या पन्नास तरी गोधड्या असतील. त्यातल्या काही पांढऱ्या होत्या आणि त्यांच्या कोपऱ्यात वीतभर कुंकवाच्या रंगाचं चौकोनी ठिगळ होतं.

"हे फाटलंय का?" मी विचारलं.

"फाटंल कशापायी? खूण हाय ती. सगळ्यांच्या एका जागी वाळत्यात. संध्याकाळी कुणाची कुठली कसं वळखायचं? पाटलाचं हिरवं त्रिकोनी, कुंभाराचं दोन पट्टं. माझं हे. लांबनं दिसाय पायजे. वाऱ्यानं दुमडली तरी कळाय पायजे, ही आपली."

मी कोल्हापूरला दोन वर्षं बसून जे शिकलो ते ही बाई गोधडी झटकता झटकता बोलून गेली. तेव्हा मला ते ऐकूही आलं नाही. मी माझा कागद उघडला.

सुंद्राक्कानं तो मांडीवर पसरला आणि एकेका चित्रावर बोट ठेवत गेली. "ऊस. कोंबडी. हे काय, शेड? आगं बया, आमचं मसनवटं! बरं झालं, कुणाला तरी दिसलं ते." मग बोट थांबलं. "एवढं सगळं शिवायचं तर जड हुईल हो. ह्याचं अस्तर कसलं?"

"पांढरं, मऊ काहीतरी."

"मऊ म्हंजे जुनंच पायजे. ह्यांची बारा धोतरं हुती. अकराच्या गोधड्या केल्या, त्या ह्या. एक ऱ्हायलंय." तिनं कागदाची घडी केली. "लागू द्या गावाच्या कामाला. आयुष्यभर चावडीकडं कधी फिरकलं न्हाईत, आता जाऊ द्या वर."

निघताना मी अगदी नीट बजावून सांगितलं, "आक्का, सुलट बाजू स्टेजकडे आली पाहिजे. काठी घालायची खोळ त्या हिशेबानं शिवा."

"सुलटच की. पाव्हण्यांस्नी काय उलट दावायची?"

सुंद्राक्कानं महिनाभर शिवलं. मध्ये एकदा तिनं अंदाज पाठवला की सात किलो भरेल. सात किलोचं कापड फडकेल का, हा प्रश्न समितीपुढे आला. दाजीसाहेबांनी आपल्या घरची एक गोधडी मागवली आणि प्रयोग म्हणून ती खांबावर चढवली. ती वर गेली आणि तशीच लोंबत राहिली. दाजीसाहेबांच्या घरात कुणी अंथरूण ओलं केलं, अशी बातमी दुपारपर्यंत सगळ्या बाजारपेठेत झाली. मग मंडपवाल्याचा लग्नातला मोठा पंखा आणून खांबाशेजारी तीन टेबलं एकावर एक रचून त्यावर बांधला. बटण दाबल्यावर गोधडी थोडी हलली, मग उचलली गेली, आणि शेवटी आडवी होऊन राहिली. वकिलांनी सुद्धा टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी सुंद्राक्का झेंडा डोक्यावर घेऊन आली. घडी घालून, सुतळीनं बांधून, वर फूल ठेवलेलं. उघडून बघायला कुणाला सवड नव्हती, कारण प्रांतसाहेबांची जीप फाट्यावर आली होती. शिपायानं खोळीत काठी घातली, गाठी मारल्या. दाजीसाहेबांनी दोरी ओढली. सात किलो असल्यामुळे ती एकट्याला ओढवेना, मग शेटे वकीलही लागले. गावाची एकजूट मी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटची पाहिली.

झेंडा वर गेला. पंखा सुरू झाला.

स्टेजसमोर पसरलं एक पांढरंशुभ्र कापड. कोपऱ्यात वीतभर कुंकवाच्या रंगाचा चौकोन. ऊस नाही, कोंबडी नाही, शेड नाही.

बायकांच्या रांगेत सुंद्राक्का हात जोडून वर बघत होती. मी वाकून तिच्याजवळ गेलो आणि दात आवळून म्हणालो, "आक्का, सुलट बाजू म्हणालो होतो!"

"सुलटच हाय की."

"चित्रं कुठं आहेत?"

"चित्रं उलट बाजूला. मास्तर, गोधडीची सुलट बाजू म्हंजे अंगाला लागती ती. मऊ. ठिगळांची बाजू कोण अंगाला लावतं?"

खडकवेळमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मला, कारण मी सोलापुरी चादरीत वाढलेला.

"आणि ते लाल ठिगळ?"

"सवय झालीया हाताला. अस्तर लावलं की खूण लावतीच मी."

तेवढ्यात टाळ्या ऐकू आल्या. प्रांतसाहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. "वा! असा झेंडा मी जिल्ह्यात पाहिला नाही. साधा आणि ठसठशीत!"

दाजीसाहेबांच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग गोंधळ, आणि मग पांढऱ्या रंगाकडे बघता बघता तिथे हसू पसरलं. पांढरा त्यांच्या पॅनेलचा. पलीकडे शेटे वकील चौकोनाकडे बघून मिशीला हात लावत होते. लाल त्यांच्या पॅनेलचा. सतरा नगरसेवकांनी आपापलं चित्र शोधलं, ते नव्हतं. शेजाऱ्याचं शोधलं, तेही नव्हतं. सगळे शांत बसले. खांबापलीकडच्या आठ वॉर्डांना सतराही चित्रं दिसली असती, पण तिकडून बघायला कुणी थांबलंच नव्हतं. सगळी माणसं जेवणाच्या मांडवाकडे, म्हणजे आमच्या बाजूला होती.

"त्या चौकोनाचा अर्थ काय?" प्रांतसाहेबांनी विचारलं.

"आमचे वनारसे मास्तर सांगतील. त्यांचीच कल्पना हाय," दाजीसाहेब म्हणाले, मला स्टेजवर ओढलं आणि माइक माझ्या हातात आला.

समोर दोन हजार माणसं होती. मी खरं बोलू शकलो असतो. हे धोतर आहे, ही गोधडीची खूण आहे आणि हे सुंद्राक्कानं केलंय, एवढंच. पण दाजीसाहेबांच्या कोटाचा खिसा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि त्यात त्यांचं पेन होतं.

"पांढरा रंग म्हणजे या गावाचं स्वच्छ मन," मी म्हणालो. "आणि हा चौकोन म्हणजे सतरा वॉर्डांचं एक काळीज. एका चौकटीत बसलेलं."

काळीज चौकोनी कसं, हे कुणी विचारलं नाही. टाळ्या थांबेनात.

खाली उतरलो तर सुंद्राक्का वाट बघत उभी होती. मला वाटलं आता ही काहीतरी बोलणार.

"लई चांगलं बोलला," ती म्हणाली. "माझ्या ठिगळात एवढं हाय हे मला बी ठावं न्हवतं."

सोमवारी मी पाचवीच्या वर्गाला सांगितलं, गावाचा झेंडा काढा. बेचाळीस मुलांनी दोन मिनिटांत बेचाळीस झेंडे काढले आणि सगळे बरोबर. एकानं तेवढा पंखाही काढला होता. माझ्या शिक्षणातलं सगळं खरं ठरलं होतं आणि त्यात माझी एकही रेघ नव्हती.

मग झेंडा गावात पसरला. पानाच्या टपरीवर आला, रिक्षांवर आला, तालमीच्या भिंतीवर आला. दाजीसाहेबांना आधी बरं वाटलं, पण वकिलांच्या गटाच्या फटाक्यांच्या दुकानावर तो आला तेव्हा वाटेनासं झालं. नगरपरिषदेनं ठराव केला की परवानगीशिवाय झेंडा कुणी वापरू नये. ठराव झाला म्हणजे कुणावर तरी कारवाई व्हायला पाहिजे. टपरीवाला दाजीसाहेबांच्या नात्यातला निघाला, रिक्षावाल्यांची संघटना होती, तालमीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मग एका कारकुनाला नदीवर पाठवलं. त्याचा अहवाल मी वाचला आहे. 'नदीकाठी खडकावर अकरा अनधिकृत ध्वज वाळत घातलेले आढळून आले.'

सुंद्राक्काला नोटीस गेली.

आठवड्यानं मला दाजीसाहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं. सुंद्राक्का आधीच येऊन बसली होती, खुर्चीच्या कडेवर, नोटिशीची बारीक घडी मुठीत धरून. तिला वाचता येत नव्हतं. झेंडा धुवायला आला असेल म्हणून बोलावलंय असं तिला वाटलं होतं, आणि त्यासाठी ती घरून रिठे घेऊन आली होती.

टेबलावर दोन कागद होते. एक मी लांबूनच ओळखला. माझं नाव, खाली 'कायम', आणि त्याखाली कोरी जागा.

"मास्तर, दोन्ही कामं एकदमच उरकू," दाजीसाहेब म्हणाले. त्यांच्या मनात काही पाप नव्हतं, हे आजही सांगतो. फाइल पूर्ण करायची होती एवढंच. "झेंडा तुमचा. तुम्हीच सांगा. आक्काच्या गोधड्या त्याच्याशी मिळत्याजुळत्या हायत का न्हाईत?"

सुंद्राक्का माझ्याकडे बघून हसली. आता मास्तर सांगतील, अशा विश्वासानं.

मी टेबलाकडे बघत म्हणालो, "मिळत्याजुळत्या आहेत."

खोटं मी बोललो नव्हतो. त्या मिळत्याजुळत्याच होत्या. एवढ्या खरेपणानं मी आयुष्यात कुणाला फसवलेलं नाही.

दाजीसाहेबांनी तिच्या कागदावर शेरा लिहिला, पेन खाली न ठेवता माझ्या कागदावर सही केली आणि म्हणाले, "आक्का, एवढी लाल ठिगळं काढून टाका, मिटलं. दंड-बिंड काय न्हाई."

"उसवते की," सुंद्राक्का म्हणाली. तिला राग आलेला दिसत नव्हता. ती उठली, पदर सारखा केला, दाराशी गेली आणि तिथून वळली. "दाजी, खांबावरची बी उसवू का? ती बी माझ्याच हातची हाय."

दाजीसाहेब मोठ्यानं हसले. "आक्का, ती गोधडी न्हाई. तो ध्वज हाय."

"बरं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. आता ती हसत नव्हती. "मास्तर, मग धुवायला कुणाकडं जाईल तो?"

ती टेबलाशी परत आली. तिनं रिठ्यांची पुरचुंडी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली आणि ती गेली.

त्या महिन्यात सुपारी फुटली. लग्न शाळेच्या मैदानावर झालं. आहेराच्या रांगेत सुंद्राक्का काखेत गाठोडं घेऊन उभी होती. "नवी शिवायला दिस पुरले न्हाईत," ती सुनंदाला म्हणाली. "माझ्या अंगावरचीच आणलीया. खडकावर आता कुणाची कुठली कळंना झालीया, त्यापेक्षा तुमच्या घरी ऱ्हाईल."

घरी आल्यावर सुनंदानं ती उघडली. पांढरं धोतर धुवून धुवून पिवळसर झालं होतं. कोपऱ्यात जिथं ठिगळ होतं तिथं मात्र कापड अजून पांढरंशुभ्र होतं आणि भोवतीनं सुईची बारीक भोकं. खोलीच्या दारातूनही तो चौकोन दिसत होता.

"इथं काय होतं हो?" सुनंदानं विचारलं.

"नमुना," मी म्हणालो.

या गोष्टीला आता एकोणतीस वर्षं झाली. सुंद्राक्का, दाजीसाहेब, वकील, कुणीच राहिलं नाही. झेंडा आहे. आता तो मशीनवर हलक्या कापडाचा होतो आणि पंख्याशिवाय फडकतो. दुसरा टप्पा अजून मंजूर झालेला नाही. नगरपरिषदेच्या दालनात त्याची तसबीर आहे, तिच्याखाली 'संकल्पना' असं लिहून माझं नाव आहे. मागच्या वर्षी मी निवृत्त झालो तेव्हा माझा सत्कारही त्या तसबिरीखालीच झाला. तेव्हाही माइक माझ्या हातात होता, आणि आता सही करायला कुणी पेनवालाही नव्हता. मी म्हणालो, सतरा वॉर्डांचं एक काळीज.

गोधडी माझ्याकडे आहे. थंडीत मी तीच घेतो, दुसऱ्या कशानं ऊब येत नाही. सुनंदा दर हिवाळ्यात कुरकुरते, "अहो, उलटी पांघरलीय तुम्ही, ठिगळं टोचत नाहीत का?"

टोचतात. पण तिची सुलट बाजू अंगाला लावायची माझी अजून हिंमत झालेली नाही.